घड्याळ, पेला आणि पोट

कोल्हापुरात राहून ‘मला दूध पचत नाही’ असं चारचौघांत म्हणायला धीर लागतो. इथे संध्याकाळी गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात, डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाळ पेला हातात येतो. बाहेरगावचा पाहुणा आला की अंबाबाईचं दर्शन, मिसळ आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हा बेत ठरलेला. खासबागेच्या कुस्ती मैदानाला शंभरावर वर्षं झाली, ‘गोकुळ’चा दूध संघ १९६३ सालचा. अशा गावात दूध नाकारणारा माणूस एक तर आजारी समजला जातो, नाहीतर नखरेल.

मी इथल्या एका पेठेत फॅमिली डॉक्टर म्हणून बसते. पोटाची तक्रार घेऊन येणारा पेशंट दुधाचं नाव सहसा काढतच नाही. तो म्हणतो, ‘गॅस धरतोय.’ ‘पित्त झालंय.’ ‘जुना अमिबा आहे मॅडम, अधूनमधून उठतोय.’ दुधाबद्दल मीच विचारलं की उत्तर येतं, ‘छे, दूध कसं बाधेल? लहानपणापासून पितोय की!’

हे उत्तर पुरावा म्हणून चालत नाही. कारण दूध पचवण्याची ताकद बऱ्याच जणांत नेमकी लहानपण सरल्यावरच उतरायला लागते.

आत काय घडतं

दुधात जी साखर असते तिला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात ती साधारण ५ ग्रॅम असते, आईच्या दुधात ७ ग्रॅमच्या आसपास. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरा जोडून ती बनलेली आहे. हा जोड तुटल्याशिवाय ती आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. जोड तोडण्याचं काम लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असलेलं लॅक्टेज नावाचं एन्झाइम करतं.

तान्ह्या बाळाच्या आतड्यात लॅक्टेज भरपूर असतं, कारण बाळाचा सगळा आहारच दूध. अंगावरचं दूध सुटल्यानंतर मात्र ते हळूहळू कमी होत जातं. वासराचं, करडाचं, मांजराच्या पिल्लाचं हेच होतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांचंही हेच होतं. हजारो वर्षं गुरं पाळणाऱ्या काही समाजांत जनुकातला एक बारीकसा बदल पसरला आणि त्यांच्यात लॅक्टेज मोठेपणीही टिकून राहिलं. युरोपातल्या लोकांमधला हा बदल फिनलंडच्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधून काढला. पुढे भारतातल्या लोकांचे नमुने तपासले तेव्हा आपल्याकडेही मुख्यतः तोच बदल सापडला. वायव्येकडे तो जास्त आणि आग्नेयेकडे सरकावं तसा कमी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात निरोगी माणसांची तपासणी केली होती. दिल्लीत सुमारे २७ टक्के लोकांना लॅक्टोज सोसत नव्हतं, तर हैदराबाद आणि पाँडिचेरीत सुमारे ६७ टक्के लोकांना. म्हणजे पंजाबातला लस्सीचा ग्लास पाहून आपल्या पोटाचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. एकाच घरात थोरल्याला तांब्याभर दूध पचतं आणि धाकट्याला अर्धा पेला बाधतो, असंही होतं. आईवडिलांकडून कोणाला काय आलं त्यावर ते ठरतं.

न तुटलेलं लॅक्टोज लहान आतड्यात राहिलं की आपल्याकडे पाणी ओढून घेतं. मग ते पाण्यासकट मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे कोट्यवधी जिवाणू वाटच पाहत असतात. इडलीचं पीठ रात्रभरात आंबून भांड्याबाहेर यावं तसा प्रकार सुरू होतो, फक्त इथे भांडं बंद असतं. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. पाण्याने जुलाब होतात आणि वायूने पोट फुगतं. सगळी लक्षणं या दोन गोष्टींतूनच निघतात.

खुणा कोणत्या

पहिली खूण म्हणजे वेळ. दूध प्यायल्यावर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांच्या आत त्रास सुरू होतो. काहींना थोडा उशिरा होतो. आधी पोटात गुडगुड ऐकू येते, शेजारच्यालाही ऐकू जाईल इतकी. मग पोट तट्ट होतं, साडीची किंवा पँटची गाठ सैल करावीशी वाटते. बेंबीभोवती किंवा ओटीपोटात मुरडा येतो. वारा सरतो. शेवटी घाईची, पातळ, फेसाळ आणि आंबूस वासाची शौचाला होते आणि त्यानंतर बरंच मोकळं वाटतं. काहींना मळमळतं. सगळ्यांना जुलाब होतातच असं नाही. कितीतरी जणांचं नुसतं पोट फुगतं आणि मोजक्या लोकांना उलट बद्धकोष्ठ होतो.

दुसरी खूण म्हणजे माप. चहातल्या दुधाने काही होत नाही, पण पेलाभर दुधाने होतं. यात विसंगती काहीच नाही, उलट लॅक्टोजचा त्रास असाच असतो. आतड्यात थोडंफार लॅक्टेज शिल्लक असतंच. ते झेपेल तितकं तोडतं आणि उरलेलं पुढे जातं. ‘चहा चालतो म्हणजे दूध चालतं’ असं म्हणणारे पेशंट याच ठिकाणी फसतात. कपभर चहात जेमतेम ५० मिलिलिटर दूध असतं, म्हणजे अडीच ग्रॅम लॅक्टोज. पेलाभर दुधात ते दहा ग्रॅम असतं. कोजागरीला आटवलेल्या मसाला दुधाचे दोन पेले रिकाम्या पोटी झाले की पंचवीस-तीस ग्रॅमचा हिशेब होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे गर्दी असते आणि दोष सगळे जायफळाला देतात.

तिसरी खूण म्हणजे पुन्हा पुन्हा तेच घडणं. एकदा दूध पिऊन पोट बिघडलं तर त्याला शंभर कारणं असू शकतात. दूध नासलेलं असेल, भांडं खराब असेल, आदल्या रात्रीचा तांबडा रस्सा असेल. तेवढंच दूध, तसंच रिकामं पोट आणि तेवढ्याच वेळाने तसाच त्रास, असं तीनचार वेळा झालं तर मग दुधाकडे बोट दाखवायला हरकत नाही.

लॅक्टोजमुळे काय होत नाही, हे त्याहून महत्त्वाचं आहे. ताप येत नाही. शौचात रक्त पडत नाही. वजन उतरत नाही. पोटदुखीने माणूस मध्यरात्री झोपेतून उठत नाही. अंगावर गांधी उठत नाहीत, ओठ सुजत नाहीत, दम लागत नाही. यातलं काहीही असलं तर दुधाला सोडा आणि डॉक्टरकडे या.

गांधी, सूज, दम, उलट्या ही लक्षणं दुधाच्या ॲलर्जीची असू शकतात. ती दुधातल्या प्रथिनांशी शरीराच्या प्रतिकारशक्तीने धरलेली वैराची भूमिका असते, साखरेशी तिचा संबंध नाही. ॲलर्जी मुख्यतः लहान मुलांत दिसते, थेंबभर दुधानेही उठू शकते आणि जिवावर बेतू शकते. लॅक्टोजचा त्रास माणसाला बेजार करतो, लाजवतो, पण मारत नाही. कट्ट्यावरचं किंवा गोठ्यातलं न तापवलेलं दूध पिऊन ताप आणि जुलाब झाले, तर ते जंतूंचं काम असतं. तिथे लॅक्टोजची चर्चा करत बसू नये.

गुरुवारचं पोट

एका शाळेतल्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठाच होता. अमिबाच्या गोळ्यांचे कोर्स, पित्ताच्या गोळ्या, पाचक चूर्णं. शौचाची तपासणी दर वेळी स्वच्छ. ‘मॅडम, मला मधूनच उठतं, आणि नेमकं शाळेत. तास सोडून पळायचं म्हणजे काय शोभा होते!’

मी त्यांना औषध न देता एक काम सांगितलं. वहीत तीन रकाने आखायचे: काय खाल्लं-प्यायलं आणि किती, किती वाजता, आणि पोटाला काय झालं व किती वाजता. बाई शिक्षिका, वही अगदी नीट भरून आणली. त्रासाचे दिवस लाल शाईने लिहिले होते. त्यातले बहुतेक गुरुवार होते आणि एक संकष्टी.

गुरुवारी त्यांचा उपास. सकाळी शाळेला निघताना मोठा पेला दूध आणि एक राजगिऱ्याचा लाडू, पोटात दुसरं काही नाही. साडेसातला दूध, नऊच्या तासाला पळापळ. एरवी त्या दूध पीतच नव्हत्या, दोन कप चहा तेवढा. म्हणून त्यांना दुधाचा संशय कधी आला नव्हता. संशय होता तो खिचडीतल्या शेंगदाण्यावर आणि रताळ्यावर, जे त्या दुपारनंतर खात.

उपास सोडायची गरज पडली नाही. दुधाच्या जागी ताज्या दह्याचं ताक आलं, लाडू तोच राहिला. गुरुवार शांत झाले. शौचात जंतू दिसलेले नसताना अमिबाच्या गोळ्यांचा कोर्स वर्षातून दोनदा घेणारी अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांतल्या निदान काहींना गोळ्यांच्या आधी वहीची गरज आहे.

दुधावरचा खोटा आळ

आता याची दुसरी बाजू. हल्ली मोबाइलवर काहीबाही वाचून परस्पर दूध-दही बंद करून येणारे पेशंटही वाढलेत.

पंचावन्नच्या पुढचे एक गृहस्थ आले. पोट बिघडतं म्हणून त्यांनी घरातल्या सल्ल्याने दूध सोडलं होतं आणि ‘थोडा फरक आहे’ असं म्हणत होते. वजन किती उतरलं असं विचारलं तर म्हणाले, पट्ट्याला नवं भोक पाडलं. अधूनमधून रक्तही दिसत होतं, पण मूळव्याध समजून त्यांनी तिकडे काणाडोळा केला होता. त्यांना ताबडतोब दुर्बिणीच्या तपासणीला पाठवलं आणि मोठ्या आतड्याचा आजार निघाला. दूध सोडून घालवलेला तो काळ त्यांच्या बाबतीत मोलाचा होता. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली, रक्त गेलं, वजन उतरलं किंवा अंगात रक्त कमी भरलं, तर घरगुती प्रयोग करू नयेत.

मधुमेहाच्या पेशंटचं आणखी वेगळं असतं. रात्री जेवणानंतर मेटफॉर्मिनची गोळी आणि पाठोपाठ दूध, मग पोट बिघडतं आणि आळ दुधावर येतो. मेटफॉर्मिनमुळे, विशेषतः सुरुवातीला, जुलाब होणं ही नेहमीची गोष्ट आहे. ॲसिडिटीच्या काही औषधांतल्या मॅग्नेशियमनेही पोट पातळ होतं. म्हणून वहीत औषधंही लिहायची.

कांदा, गहू, राजमा, छोले यांतल्या काही साखराही मोठ्या आतड्यात जाऊन अशाच आंबतात. पावभाजीवर लस्सी प्यायली आणि पोट फुगलं, तर गुन्हेगार एकटी लस्सी असेलच असं नाही. आमच्याकडे तर पांढरा रस्सा ‘दुधाचा’ म्हणून सोडणारेही भेटतात. त्यात नारळाचं दूध असतं आणि नारळाच्या दुधात लॅक्टोज नसतं.

मनाचाही यात वाटा असतो. १९९५ साली अमेरिकेत मिनियापोलिसला एक छान प्रयोग झाला. ‘आम्हाला दूध अजिबात चालत नाही’ असं सांगणारी तीस माणसं घेतली. त्यांना एक आठवडा रोज नाश्त्याबरोबर २४० मिलिलिटर साधं दूध दिलं आणि एक आठवडा लॅक्टोज तोडलेलं दूध. चव सारखी करून दिली होती, त्यामुळे कोणतं दूध कधी, हे पिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यालाही. दोन्ही आठवड्यांतल्या त्रासात फारसा फरक निघाला नाही. त्यांच्यातल्या नऊ जणांना तर लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं. तीस माणसं खोटं बोलत होती असा याचा अर्थ नाही. त्यांचं पोट खरंच दुखत असेल, पण नाश्त्याबरोबरच्या एका पेल्याने ते दुखत नव्हतं.

घरच्या घरी पडताळा

वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील, तर मोठ्या माणसाने हा प्रयोग घरी करायला हरकत नाही.

आधी दोन आठवडे दूध पूर्ण बंद. त्यात बासुंदी, खीर, रबडी, पेढे, बर्फी, आइस्क्रीम, मिल्कशेक, कॉफी हे सगळं आलं. दुधाची पावडर विसरू नका, साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत जवळजवळ निम्मं वजन लॅक्टोजचं असतं. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी प्रोटीनच्या डब्यावरचं लेबल वाचावं. व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतं, आयसोलेटमध्ये अगदी कमी. औषधाच्या गोळ्यांतही लॅक्टोज भरीला घातलेलं असतं, पण ते इतकं थोडं असतं की त्यामुळे सहसा काही होत नाही. गोळ्या बंद करू नका.

दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर दुधाला निर्दोष सोडा आणि दुसरं कारण शोधायला डॉक्टरकडे जा. फरक पडला, तरी प्रयोग संपत नाही. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि जन्मभर दूध टाकतात. एखाद्या सुट्टीच्या सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर, तापवलेलं साधं दूध घ्या. पुढचे तीन तास दुसरं काही खाऊ नका. घड्याळ बघून लिहीत जा. काही दिवसांनी पुन्हा तसंच करा. दोन्ही वेळा अर्ध्या ते दोन तासांत गुडगुड, फुगणं, मुरडा असा क्रम लागला, तर संशय पक्का व्हायला लागतो.

घरात कुणी मदतीला असेल तर मिनियापोलिसचा प्रयोगही करता येतो. बाजारात लॅक्टोजमुक्त दूध मिळतं. त्यात लॅक्टेज घालून साखर आधीच तोडलेली असते आणि म्हणून ते थोडं गोड लागतं. दोन्ही दुधांत थोडी साखर घालून फरक लपवायचा आणि आज कोणतं दूध दिलंय ते पिणाऱ्याला सांगायचं नाही. एका पेशंटच्या सूनबाईंनी हा प्रयोग सासूबाईंवर मोठ्या आनंदाने केला. सासूबाईंना साधं दूध चाललं, लॅक्टोजमुक्त ‘बाधलं’. त्यानंतर त्या घरात दुधावरून वाद झालेला नाही.

खात्रीच हवी असेल, तर मोठ्या रुग्णालयांत पोटविकार विभागात हायड्रोजनची श्वासचाचणी होते. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि तीनेक तास ठरावीक वेळाने नळीत फुंकायला लावतात. मोठ्या आतड्यात लॅक्टोज आंबलं की हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो. तो सुरुवातीच्या आकड्यापेक्षा दशलक्षात २० भागांनी वाढला, तर चाचणी होकारार्थी धरतात. आधीच्या महिन्यात प्रतिजैविकं घेतली असतील तर ते सांगायला हवं, कारण जिवाणूच मेलेले असले तर हायड्रोजन कोण तयार करणार? ही सोय नसेल तिथे लॅक्टोज देऊन रक्तातली साखर वाढते का ते बघतात. आणि चाचणीत दोष दिसला, पण रोजच्या दुधाने काहीच त्रास होत नसेल, तर काही करायची गरज नाही. कागदावरच्या आकड्यासाठी दूध सोडू नये.

पैलवानाचा हिशेब

निदान झाल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मग दूध कायमचं बंद का?’ बहुतेकांना नाही. एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण पेलाभर दूध, लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक माणसांना फारसा त्रास न होता चालतं, विशेषतः जेवणाबरोबर. अन्नासोबत गेलं की ते पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि उरल्यासुरल्या लॅक्टेजला काम करायला वेळ मिळतो.

शाहूवाडीकडचा एक पोरगा नव्याने तालमीत आला होता. वस्तादांचा हुकूम: मेहनत झाली की लिटरभर दूध एका दमात. पोरगा पहाटेची मेहनत करून दूध प्यायचा आणि तासाभरात पोट धरून बसायचा. वस्तादांना वाटलं, कामचुकार आहे. ते स्वतःच त्याला कान धरून माझ्याकडे घेऊन आले. ‘बघा वो मॅडम, ह्याच्या पोटात जंत हैत का आळस हाय!’

मी दूध बंद करा म्हटलं असतं तर वस्तादांनी मलाच तालमीत बोलावलं असतं. आम्ही हिशेब मांडला. लिटरभर दुधात ५० ग्रॅम लॅक्टोज. ते एका दमात न घेता थोडं थोडं, पावपाव लिटरपेक्षा कमी, भाकरी-चपातीबरोबर विभागून घ्यायचं. त्यातलं निम्मं दह्याच्या आणि पनीरच्या रूपात. बदामाची थंडाई पाण्यात वाटायची. तूप हवं तितकं, कारण तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. माप दर आठवड्याला थोडंसं वाढवायचं, कारण रोज थोडं लॅक्टोज मिळत राहिलं की मोठ्या आतड्यातले जिवाणूही बदलतात आणि त्रास कमी होत जातो. वस्ताद ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हंजे तालीम पोटाची बी करायची.’ मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

दह्याचं गणित लोकांना चकवतं. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज खाऊन टाकतात, पण घरच्या दह्यात बरंचसं शिल्लक राहतं. तरी दही सोसतं, कारण ते जिवाणू आपलं लॅक्टेज घेऊन आतड्यात पोचतात आणि तिथे काम करतात. श्रीखंडाच्या चक्क्यातून आणि पनीरमधून पाण्याबरोबर बरंच लॅक्टोज निघून जातं. मुरवलेल्या चीजमध्ये ते नावालाच उरतं. उलट खवा म्हणजे आटवलेलं दूध. एक पेढा सहज खपून जातो, पण वाटीभर बासुंदीच्या मागे कितीतरी दूध आटलेलं असतं.

काही समजुती मात्र सोडायला हव्यात. दूध उकळल्याने लॅक्टोज जात नाही. हळद, सुंठ, वेलदोडा घातल्यानेही जात नाही. म्हशीचं सोडून गाईचं घेतलं, देशी गाईचं ‘ए-टू’ म्हणून दुप्पट भावाने घेतलं किंवा शेळीचं घेतलं, तरी लॅक्टोज साधारण तेवढंच असतं.

बाळाच्या बाबतीत

इथे मी आवाज चढवते. बाळाला जुलाब झाले की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आईचं दूध बाधतंय, बंद करा.’ जन्मतःच लॅक्टेज नसणं ही जगभरात अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. जुलाबाच्या जंतूंमुळे, विशेषतः रोटाव्हायरसमुळे, आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि काही दिवस किंवा काही आठवडे लॅक्टेज कमी पडतं, हे खरं. पण अस्तर भरून आलं की ते परत येतं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, ओआरएस पाजायचं, जस्ताचं औषध डॉक्टर सांगतील तसं द्यायचं. वरचं दूध पिणाऱ्या बाळाचे जुलाब दोन आठवड्यांच्या पुढे चालले, तर काय बदलायचं ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. मोठ्या माणसालाही जोरदार हगवणीनंतर महिनाभर दूध सोसेनासं होतं आणि मग पुन्हा चालू लागतं. म्हणून आजारपणातून उठल्या उठल्या कायमचा निवाडा करू नये.

ज्यांना खरंच दूध कमी करावं लागतं त्यांनी हाडांचा विचार करावा, बायकांनी जास्तच. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. वाटीभर दही, शेवग्याचा किंवा राजगिऱ्याचा पाला, तिळाची चटणी, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतून हिशेब बराच जुळतो. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि ताक हे जेवण आपल्याकडे कुणाला नव्याने शिकवायला नको.

आणि शेवटची विनंती यजमानांना. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम. पाहुणा ‘नको’ म्हणाला की पेला आणखी काठोकाठ भरतो. तो बिचारा भिडेपोटी पितो आणि परतीच्या एसटीत घाम पुसत बसतो. समोरचा माणूस दूध नको म्हणाला तर त्याला भित्रा, नखरेल किंवा शहरी ठरवू नका. ‘बरं, मग ताक देऊ का?’ एवढंच विचारा. बहुतेक वेळा तो हो म्हणेल, आणि दुसरा पेलाही मागेल.